सुटलं का, अक्का?

आपली दलाली न घेता उठून जाणारा एजंट मी आयुष्यात एकच पाहिला, आणि पैसे मागायला दारात येणाऱ्यांनी कधी दिला नसेल इतका वैताग त्या एका माणसानं मला दिला.

तुम्ही कधी घर विकलं असेल तर पद्धत माहीत असेल. इसाराच्या दिवशी एजंट निम्मे पैसे घेतो, उरलेले खरेदीपत्राच्या दिवशी, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर, तुमच्या अंगठ्याची शाई पुसून व्हायच्या आत. यात वाईट काही नाही. त्यानं काम केलेलं असतं, तुमच्या हातात रक्कम असते, आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही त्याला ओळख द्याल याची त्याला खात्री नसते.

गुरुपाद आण्णा घेणाऱ्याकडून असेच घ्यायचे. पायऱ्यांवर उभं राहून, रोख, बोट ओलं करून दोनदा मोजून. विकणाऱ्याकडून मात्र इसाराच्या किंवा खरेदीच्या दिवशी एक रुपयाही घ्यायचे नाहीत. पाकीट पुढं केलं की दोन्ही हात पाठीमागं बांधायचे.

"घेणाऱ्याचं काय, त्येला घर घावलं," असं त्यांचं म्हणणं. "इकणाऱ्याचं सुटाय पायजे. सुटल्याबिगर मी घेत न्हाय."

सुटलं की नाही हे ठरवायची त्यांची एक परीक्षा होती. खरेदी झाली की महिन्यातून एका सोमवारी ते विकणाऱ्याच्या नव्या जागी चहाला यायचे. चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायची, आणि पाणी किती वाजता येतं, मंडईत वांगी काय भाव, असं काहीतरी बोलत राहायचं. बोलताना विकणारा त्या विकलेल्या घराला 'आमचं घर' म्हणाला की संपलं. बशी कपावर पालथी घालून उठायचे. "न्हाय सुटलं अजून. येतो." ज्या सोमवारी तो माणूस सहज 'ते घर' म्हणून जाईल, त्या सोमवारी "सुटलं" म्हणत हात पुढं करायचे, पैसे मोजायचे आणि निघायचे. त्यानंतर त्या दारात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. व्यवहार मिटला, आता कशाला, ही त्यांची दुसरी रीत.

कोल्हापूरची सगळी मंगळवार पेठ त्यांना 'सुटलं का' म्हणायची. तोंडावर म्हणायची. त्यांना त्याचं काही नव्हतं.

मूळचे गडहिंग्लजकडचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, पायजमा, आणि एक लुना, तिच्या हँडलला किल्ल्यांची पिशवी. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत स्वतःशीच हिशेब करायचे. बाईमाणूस दिसलं की अक्का, मग ती वीस वर्षांची असो की सत्तर. आणि कुठल्याही घरात शिरले की चप्पल काढायच्या आधी डावा तळहात भिंतीला लावायचे. डॉक्टर कपाळाला लावतात तसा. "हितं ओल हाय." बस. पुढं चार महिन्यांनी, पावसाळा लागला की नेमका तिथलाच पोपडा पडायचा. त्यांचा हात भिंतीबद्दल कधी खोटं बोलला नाही. तोंडही नाही, आणि हाच आमच्या वैतागाचा पहिला भाग.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नव्वदच्या दशकाच्या मध्याला माझे वडील गेले, आई आधीच गेली होती, आणि मिरजकर तिकटीच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं घर माझ्या एकटीच्या नावावर आलं. खाली दोन खोल्या, वर एक माडी. वडील उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. पुढच्या दाराची कडी त्यांनी स्वतः साचा करून ओतली होती, हाताएवढी जाड. ती वाजली की अर्ध्या गल्लीला कळायचं कोण आलं. आम्ही नवरा-बायको राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे हप्ते भरत होतो. घर विकून फ्लॅट मोकळा करायचा असं ठरलं, आणि कुणीतरी गुरुपाद आण्णांचं नाव सांगितलं.

गिऱ्हाईक आणलं की हा माणूस दारातच घराचे दोष सांगायला सुरुवात करायचा. न्हाणीघराचं पाणी तुंबतंय. डावीकडचा शेजारी भांडखोर हाय. माडीचा जिना खडा हाय, म्हाताऱ्या माणसाला न्हाय जमायचा. मी आत उभी राहून दात-ओठ खायचे. तीन गिऱ्हाइकं अशी गेली. माझ्या यजमानांनी शेवटी विचारलं, आण्णा, तुम्ही आमच्या बाजूनं आहात की शेजाऱ्याच्या? तर म्हणाले, "मी घराच्या बाजूनं हाय."

चौथं गिऱ्हाईक इचलकरंजीचं, यंत्रमागवाले. मुलांच्या कॉलेजसाठी कोल्हापुरात जागा हवी होती. आण्णांनी नेहमीची यादी वाचली, शिवाय स्वयंपाकघरातल्या ओलीवर मागवाल्यांचाच हात नेऊन ठेवला. मागवाल्यांच्या पत्नी तोवर दाराच्या पायरीवर टेकल्या होत्या आणि कडी वाजवून बघत होत्या. आण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बसली बघा. जी बाई बसती ती घेती." महिन्यात इसार झाला, दोन महिन्यांत खरेदी. तीन लाख. त्यांचे दोन टक्के, सहा हजार, मी लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घालून रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्यांवर पुढं केले. त्यांनी हात पाठीमागं बांधले.

पहिल्या सोमवारी मी पाकीट टीव्हीवर तयार ठेवलं होतं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, पाणी येतंय का नीट वर. मी म्हटलं, येतं, पण आमच्या घरात कसं, सहा म्हणजे सहाला नळ सुटायचा. बशी पालथी.

दुसऱ्या महिन्यात मी सावध होते. 'ते घर', 'ते घर' असं मनात घोकून बसले होते. दहा मिनिटं छान गेली. मग त्यांनी मिरच्या कुठं वाळवता विचारलं, आणि मी म्हणाले, आमच्या माडीवर. बशी पालथी. यजमान चिडले. हा काय पोरखेळ आहे, म्हणाले, आणि तिसऱ्या महिन्यात आण्णा जिना उतरत असताना मागून जाऊन त्यांच्या किल्ल्यांच्या पिशवीत पाकीट कोंबून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट दाराच्या फटीतून आत आलेलं. वर पेन्सिलीनं एकच शब्द: सुटल्यावर.

एकदा मी वैतागून विचारलंच, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली? त्यांनी बशी खाली ठेवली. मग सांगितलं. त्यांच्या लहानपणी वडिलांनी गावाकडचं घर विकलं. दलालानं पायऱ्यांवरच पैसे मोजून घेतले, राम राम केला आणि गेला. वडील तिथून निघाले ते सवयीनं सरळ चालत त्याच घरी गेले. नवीन माणसं जेवायला बसली होती. "आमच्या घराची कडी आमच्या आप्पांनी वाजवली," आण्णा म्हणाले, "आणि आतनं कुणीतरी कोण हाय म्हणून इचारलं. आप्पांना सांगायला ईना."

'आमच्या घराची.' मी ते बरोबर टिपलं. वेळ आली की ऐकवायचं म्हणून ठेवून दिलं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना अर्धं माहीत आहे.

विक्रीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो फ्लॅट भट्टीसारखा तापला. फ्रीज घ्यायचं ठरलं आणि पैसे कमी पडले. यजमान म्हणाले, पाकिटातले घेऊ, आण्णा काय लगेच नेत नाहीत, पुढं भरून ठेवू. मी घेतले. यात मला त्या दिवशी काहीच वाईट वाटलं नाही.

पुढं जूनमध्ये एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी रिक्षानं येत होते. मिरजकर तिकटीशी रिक्षा थांबली, मी पर्समध्ये सुट्टे शोधत होते. रिक्षा बरीच पुढं आल्यावर लक्षात आलं की रिक्षा त्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी रिक्षातच म्हणाले, सुटलं. मोठ्यानं म्हणाले असणार, कारण रिक्षावाल्यानं काय सुटलं म्हणून मागं बघितलं.

दोन दिवसांनी सोमवार होता. आण्णा आले, चहा ओतला, उकाडा लई हाय म्हणाले. 'त्या घरात' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आत स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरत होता. पाकीट रिकामं होतं. आणि मी शांतपणे म्हटलं, "आमच्या घरात बघा, मे महिन्यातसुद्धा पंखा लागायचा नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बशी पालथी घातली. "येतो."

इतकं सोपं होतं ते. दोन शब्द म्हटले की सहा हजार रुपये महिनाभर लांब जायचे. पुढं मी त्यात तरबेज झाले. शाळेच्या पाठाचं टाचण काढावं तसं सोमवारचं टाचण काढायचे. या खेपेला कडी, पुढच्या खेपेला न्हाणीघर, त्याच्या पुढं माडी. खऱ्या आठवणी संपल्यावर थोड्या रचल्या. पगाराचा फरक मिळाला तेव्हा पाकीट भरता आलं असतं, पण एकदम 'ते घर' म्हणायचं तर इतकी वर्षं काय केलं, हा प्रश्न होता. मग त्या पैशांतून खिडक्यांना जाळ्या बसवल्या.

गंमत अशी, की राग मला माझा नाही, त्यांचा यायचा. सरळ पैसे घेतले असते तर मला हे करायला लागलं नसतं. कसली ही परीक्षा, कुणी सांगितलंय यांना लोकांची मनं तपासायला? सोमवारी बेल वाजली की माझं कपाळ दुखायला लागायचं. वर्गात मी मुलींना खरं बोलण्यावर निबंध द्यायचे, आणि घरी येऊन दूध जास्तीचं तापत ठेवायचे, आण्णांसाठी. येऊन ते वर फ्लॅटलाच नावं ठेवायचे. वरल्या कोपऱ्यात ओल हाय म्हणाले, ती होती. दरवाजा फुगणार म्हणाले, तो फुगला.

वर्षं गेली. नवीन एजंट आले. काचेच्या दाराची ऑफिसं, खिशात मोबाईल, पैसे आधी आणि तेही चेकनं. आण्णांची लुना गेली, ते केएमटीच्या बसनं यायला लागले. किल्ल्यांची पिशवी हलकी होत गेली, शेवटी नुसती पिशवीच राहिली. आमच्याकडं यायचे थांबले नाहीत. सुटलं का अक्का, असं मात्र त्यांनी मला कधी विचारलं नाही. पेठेतल्या पोरांनी घातलेलं नाव ते; ते स्वतः नुसतं ऐकायचे.

नवव्या वर्षीच्या एका सोमवारी बेल वाजायला उशीर झाला. मी दार उघडून जिन्यात वाकून पाहिलं. ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे होते, डावा तळहात भिंतीला लावलेला. क्षणभर मला वाटलं ओल बघतायत. मग दिसलं, हात भिंतीला टेकलेला होता, आणि छाती वरखाली होत होती. खालच्या मजल्यावरची कुणी मुलगी त्यांना पाण्याचा तांब्या देत होती.

पाकीट मी दोन वर्षांपूर्वीच भरून कपाटात ठेवलं होतं. सांगायला तोंड नव्हतं. ते आत येऊन बसले, चहा झाला, आणि मी पाकीट टीपॉयवर ठेवून एका दमात म्हटलं, "आण्णा, सुटलंय. पहिल्याच वर्षी सुटलं. पैसे खर्चले होते म्हणून मी खोटं बोलत आले."

त्यांनी बशीवर फुंकर मारली.

"ठाऊक हाय की."

"कधीपासून?"

"माडीला दोन खिडक्या हायत म्हणाला न्हाय का तुमी मागं. वारा आरपार जातोय म्हणून." ते बशीतला चहा प्याले. "एकच हाय खिडकी. पूर्वेला. ते घर मी इकलंय, अक्का."

दोन खिडक्यांचं टाचण सहा वर्षांपूर्वीचं. मी विचारलं, मग हे तीन जिने कशाला चढत राहिलात? ओरडायचं होतं, तेव्हाच तोंडावर विचारायचं होतं.

ते बोटांवर मोजायला लागले, आधी कानडीत, मग मला कळावं म्हणून मराठीत. मोमीन मास्तरांचं सुटलं. शिंद्यांच्या विधवेचं वरीसभरानं सुटलं. मुरगूडच्या पावण्यांचं तर पंधरा दिसांत सुटलं, त्यांचा घरावर जीवच नव्हता. "सगळ्यांची सुटली. पैसा घेतला, च्या संपला. तुमचं एक राहिलतं." बोटं त्यांनी तशीच धरली होती. "सोमवार तर येतोयच की."

ते राहायचे कुठं, हे नऊ वर्षांत मी विचारलं नव्हतं. भावकीतल्या कुणाच्यातरी पिठाच्या गिरणीमागं एक भाड्याची खोली आहे, एवढं उडत ऐकलं होतं. गडहिंग्लजच्या घराबद्दल टिपून ठेवलेलं ते वाक्य या वेळी माझ्या अगदी हाताशी होतं. मी ते बोलले नाही.

पाकीट पुढं सरकवलं. त्यांनी हात पाठीमागं घेतले.

"असं कबूल करून न्हाय चालत. बोलता बोलता सुटाय पायजे. रीत हाय."

मला पुन्हा वैताग आला. नऊ वर्षांचं पाप मी एकदाचं ओकून टाकलं होतं आणि हा माणूस नियम सांगत होता. मी म्हटलं, रीत राहू दे. पैसे घ्या आणि गप सोमवारी जेवायला येत चला. हे वीस तारखेला रिटायर होतायत, त्यांनाही बोलायला कुणी नाही. "आणि इतका कसला संकोच, आण्णा? आमचं घर तुम्हाला आता परकं आहे का?"

त्यांची बशी हवेत थांबली.

"कुठलं घर?"

"हे," मी म्हटलं, आणि जमिनीकडं बोट दाखवलं, आणि मग माझ्याच ध्यानात आलं. इतक्या वर्षांत मी या जागेला घर म्हटलं नव्हतं. फ्लॅट. वरचा फ्लॅट, राजारामपुरीतला फ्लॅट, मेला तो फ्लॅट.

"सुटलं," गुरुपाद आण्णा म्हणाले आणि हात पुढं केला.

त्यांनी बोट ओलं करून दोनदा मोजलं. मी आपण होऊन वर घातलेले हजार रुपये त्यांनी काढून टीपॉयवर ठेवले आणि सहा पिशवीत टाकले. चहा बशीत अर्धा राहिला होता. तो त्यांनी प्यायला नाही. व्यवहार मिटला होता. मी सोमवारचं पुन्हा म्हटलं, तर मान हलवली. पैसा घेतल्यावर च्या न्हाय, अक्का, मग जेवायचं कुठलं.

उठले, हळूहळू चपला घातल्या, पिशवी काखेत घेतली. एरवी पाच मिनिटांत जिना उतरून जाणारा माणूस दारात उभाच राहिला. मग त्यांनी डावा तळहात दाराशेजारच्या भिंतीला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हितं ओल हाय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "वाढणार ही. ध्यान ठेवाय लागंल. सोमवारी बघाय येतो."

ती भिंत आमच्या आणि शेजाऱ्यांच्या हॉलच्या मधली होती. दोन्हीकडं घर, वर स्लॅब, कुठं नळ नाही, आणि महिना एप्रिलचा. मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात लावून पाहिला. भिंत खडखडीत कोरडी होती.

"हो आण्णा," मी म्हटलं. "बरीच आहे."